बारा बाटल्या

बाराही बाटल्यांत रक्त निघालं.

नागपूरहून डॉक्टर उर्वशी जीप घेऊन थेट तिगावात आल्या. गुदाशयाचा कॅन्सर दुखायच्या आधीच बाटलीत दिलेल्या शौचाच्या तपासणीत सापडतो का, हे त्या शोधत होत्या. बारातली एखादी बाटली अशी निघते. बाराच्या बारा कधीच नाही. सगळ्यांच्याच पोटात काही वाईट जातं का, म्हणून त्यांनी विहिरीचं पाणी घेतलं, देवकाबाईच्या वाडीतली वांगी कापून पाहिली, शाळेची खिचडी हुंगली.

बाटल्या गोळा करणारा भिवाजी बाजूला उभा होता. त्याची बायको मनकर्णा ह्याच रोगानं गेली, मागच्या पोळ्याला, गोटमारीच्या जत्रेच्या आठवड्यात. म्हणून तो कामाला लागला होता. आधी स्वतःची बाटली भरली, मग अकरा घरोघर वाटल्या. लोकांनी लाजून दारं लावून घेतली. पण तिसऱ्या दिवशी अकराही भरून त्याच्या ओट्यावर हजर. त्यानं त्या संत्र्याच्या पेटीत तणस घालून पाठवल्या होत्या.

"मॅडम," दत्तात्रय गुरुजी खाकरले, "माझी बाटली माझी नव्हती."

"माहीबी नोहती," देवकाबाई पदराआड बोलली. "कवडूनं भरून देल्ली."

मग एकेक जण कबूल झाला. कवडू पारावर बसून हसत होता. "लाजून राहिले होते बिचारे. म्या म्हनलं, आना इकडं. दोन दिवस तूर-भाकर दाबून खाल्ली, जी!"

सगळं गाव हसलं. डॉक्टरही हसल्या, अन् मधेच थांबल्या. "रक्त म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पण ह्या कवडूंना दुर्बिणीनं तपासावं लागेल. आजच."

"काहून? मूळव्याध असन," कवडू म्हणाला.

भिवाजीनं त्याचं मनगट धरलं. "मनकर्णा दोन वर्सं हेच म्हने. लाजंपायी मेली ते. बस गाडीत!"

ओढत नेऊन त्यानं कवडूला जीपमध्ये कोंबलं. कवडू बसला, बोटं मोजू लागला.

"डॉक्टरबाई, बाराही म्हनता? म्या तं अकराच भरल्या."

भिवाजीचा हात जीपच्या दारावरच राहिला. सगळं गाव त्याच्याकडे पाहत होतं.

"मूळव्याध असन," तो म्हणाला.

कवडूनं सरकून जागा केली.