मागचं दार

"'मागचं दार' लिहिणारे सुदेश तुम्हीच का?" दारातल्या गृहस्थांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात ठेवला.

वागळे इस्टेटमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या माळ्यावर सुदेशच्या टीमचं छोटंसं ऑफिस होतं. व्हिडिओ गेम बनवायचं. आभार मानायला आजवर कुणी तो जिना चढून आलं नव्हतं. सुदेशने घाईघाईने खुर्चीवरच्या वायरी उचलल्या.

"डोंबिवलीहून आलोय. मला सगळे आबा म्हणतात. रिटायर झाल्यापासून नातवाबरोबर खेळत असतो. तुमचा गेम संपला आणि मला रात्रभर झोप लागली नाही."

त्या गेममधल्या शहरात यंत्रमाणसं होती. कामं सगळी त्यांनी करायची, पण घरात मागच्या दाराने शिरायचं, चहा वेगळ्या कपात प्यायचा आणि तो कप स्वतःच विसळून बाहेर पालथा घालायचा. खेळणाऱ्याने त्यांतली एक व्हायचं. तिचं नाव तानी.

तानी म्हणजे सुदेशची आजी, बायजा. हे ऑफिसात फक्त प्राचीला माहीत होतं. गेममधली चित्रं तिची होती, आणि आजीची मशीन करण्यावरून दोघांचं चांगलंच वाजलेलं.

"तुझ्या आजीची गोष्ट आहे ना, मग तिचीच सांग की," प्राची म्हणालेली. "मशीन कशाला? ती काय कारखान्यात बनलेली का रे?"

"माणूस दाखवला की लोक लगेच बाजू घेतात गं. मशीनकडे बघताना मनात काही नसतं. आधी तिच्यासाठी रडू दे त्यांना. मग आपोआप कळेल."

आता समोर आबा बसलेले होते, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. सुदेशने प्राचीकडे बघितलं. बघ, म्हटलेलं ना!

"आमच्या घरी आहे एक," आबा खाली मान घालून म्हणाले. "मुलाने आणून दिली. सगळं घर तीच पुसते. पण मी तिच्याशी कधी धड बोललो नाही हो. मध्ये आली की पायाने बाजूला सारायचो."

"पायाने?" प्राचीच्या तोंडून निघून गेलं.

"हो. पाहुणे आले की मागच्या बाल्कनीत ठेवायचो. पण तुमची ती तानी पावसात दाराबाहेर उभी राहते ना, तिथे माझा हातच चालेना. त्याच दिवशी हिला पुढच्या खोलीत आणलं. आता नावाने हाक मारतो. काम झालं की थँक्यू म्हणतो." त्यांनी हात जोडले. "तुमचे उपकार आहेत. रविवारी दोघं जेवायला या. तिलाही भेटा."

आबा गेले. प्राची म्हणाली, "सॉरी यार. तू बरोबर होतास."

बायजाआजी असती तर आज तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं, एवढंच सुदेशच्या मनात आलं.

रविवारी ते डोंबिवलीला गेले. आबांनी हाताला धरून आत नेलं. घर आरशासारखं लखलखत होतं. आबांच्या पत्नीने, काकूंनी, हसून पाणी दिलं. चटईवर पानं मांडायची तयारी चालली होती. दोघं जाऊन बसले.

"आणि ही आमची सखी," आबा कौतुकाने म्हणाले.

भिंतीशी एक गोल, चपटं, फरशी पुसणारं यंत्र होतं. वर बारीक हिरवा दिवा. पाठीवर हळदीकुंकवाची बोटं.

प्राचीने ओठ चावून हसू दाबलं. सुदेशचा चेहरा मात्र उतरला. म्हणजे, आबा सांगत होते ती ही होती! पण मग आबा वाकून सखीवरचा धूळकण टिपताना दिसले आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. कुठून तरी सुरुवात होते. ज्या म्हाताऱ्याला निर्जीव वस्तूची कणव येते, त्याचं मन माणसासाठी बंद कसं असेल? इतक्या मायेने घरी बोलावणाऱ्या माणसापासून आपण तरी काय म्हणून लपवायचं?

"आबा, एक सांगू? तुम्ही इतकं केलंत म्हणून सांगतो. ती तानी मी मनाने रचलेली नाही. ती माझी आजी, बायजा. गावात सगळ्यांची अंगणं झाडायची, पण तिला मागच्या दारीच उभं करायचे. तो पालथा कप तिचाच. आमच्या जातीला विहिरीवर पाणीसुद्धा वरून ओतायचे. तुमच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि वाटलं, आजीला कुणीतरी पुढच्या दाराने आत घेतलं. थँक्यू, आबा."

प्राचीने सुदेशच्या हातावर हात ठेवला.

ताटं घेऊन आलेल्या काकू स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या होत्या. त्यांनी आबांकडे बघितलं आणि ताटांसकट तशाच आत वळल्या.

आबा हळूच वाकले. यंत्राच्या पाठीवर हात ठेवून अगदी मायेने म्हणाले, "सखी बाळा, हे दोघं उठले की एवढी जागा नीट पुसून घे हं. थँक्यू."