खालच्या संघातली आजी

जिमच्या दारावर दोन कागद चिकटवले होते. वरच्या संघाच्या बारा नावांत रेनाटा कुचेराचं नाव नव्हतं. ते शेजारच्या, खालच्या संघाच्या कागदावर होतं. नववी-दहावीच्या पोरींच्या खाली, अगदी शेवटी. रेनाटा बारावीत होती, व्हॉलीबॉलचं तिचं हे चौथं वर्ष होतं. आणि तिच्या जागेवर वर गेली होती टेसा बोहाटी. दहावीतली!

ती तडक कोच वाइडनरच्या खोलीत शिरली. बाई बॉलमध्ये हवा भरत होत्या.

"वर बारा जणी भरल्या," त्या मान वर न करता म्हणाल्या. "असतीस वर, तरी बाकावरच बसली असतीस. खाली प्रत्येक सेट खेळशील. तुला खेळायचंय ना?"

"खेळायचंय. पण त्या चिल्ल्यापिल्ल्यांबरोबर..."

"मग खेळ. आणि गावभर बोलत बसू नकोस. बाकीचं माझ्यावर सोड."

रेनाटा बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. अपमानही करायचा, वर तोंड बंद ठेवायलाही सांगायचं! त्याच क्षणी तिनं ठरवलं, या बाईला सोडायचं नाही.

पहिल्याच दिवशी खालच्या पोरींनी तिचं नाव 'आजी' ठेवलं. "आजी, गुडघे दुखत नाहीत ना?" "आजी, चष्मा आणू का?" पोरी प्रेमानंच म्हणत होत्या, पण तिला ते सुईसारखं टोचायचं. एकेक टोमणा ती कोचच्या नावावर जमा करत गेली.

दुसऱ्या आठवड्यात वरच्या आणि खालच्या संघाचा सराव सामना झाला. नेटपलीकडे टेसा उभी होती. रेनाटानं उडी मारली आणि मोकळी जागा सोडून नेम धरून तिच्या तोंडावर बॉल हाणला. टेसा मटकन खाली बसली. नाकातून रक्त आलं. रेनाटाला वाईट वाटलं नाही. उलट छातीतलं ओझं जरा हलकं झालं.

कोचनी टेसाला टॉवेल दिला, नाक दाबून धरायला सांगितलं आणि मग त्या रेनाटाजवळ आल्या.

"तीन वर्षं या फटक्याची वाट बघत होते मी," त्या हळूच म्हणाल्या. "आता तो जमिनीवर मार. आणि तिची माफी माग."

रेनाटानं माफी मागितली, दातओठ खात. बाई आपली टिंगल करताहेत, याबद्दल तिला शंकाच उरली नाही.

त्या रविवारी तिनं पत्र लिहिलं. शाळेच्या क्रीडाप्रमुखांना, मिस्टर वॉसना. बारावीच्या मुलीला मुद्दाम लहान मुलींत खेळवून कोच वाइडनर तिचा अपमान करतात, त्यांची चौकशी व्हावी आणि त्यांना संघावरून काढावं. खाली स्वतःची सही केली.

वडिलांनी पत्र वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अगं, खेळायला मिळतंय ना? गेल्या वर्षी अख्ख्या मोसमात दहा मिनिटं खेळली होतीस. मग हे कशाला?"

"तिला कळलं पाहिजे, बाबा."

"काय कळलं पाहिजे?"

"दुखतं कसं, ते."

सोमवारी सकाळी तिनं पत्र वॉसच्या टपालाच्या खणात टाकलं. पण वॉस बाहेरगावी होते, शुक्रवारी सकाळी परत येणार होते.

गुरुवारी शेजारच्या गावाशी सामना होता. खालचा संघ तिथं सहा वर्षांत जिंकला नव्हता. पहिला सेट गेला. दुसऱ्यात रेनाटाचा हात बसला. एकामागून एक फटके समोरच्या पोरींच्या पायांशी जमिनीवर आदळू लागले. नववीतली किरकोळ अंगाची ओपल तिला बॉल उचलून देत होती आणि प्रत्येक गुणानंतर ओरडत होती, "आजी, अजून एक!" तिसऱ्या सेटचा शेवटचा गुण रेनाटानं घेतला, तेव्हा सगळ्या पोरी तिच्या अंगावर येऊन पडल्या. वडिलांनी कोलाच्यांचा, म्हणजे खसखस भरलेल्या गोड पावांचा, डबा आणला होता. तो बसमध्ये हातोहात संपला. पोरी बेसूर गात होत्या. रेनाटाही गात होती. चार वर्षांत तिला असं कधीच वाटलं नव्हतं.

मध्येच तिला पत्र आठवलं. सकाळी लवकर जाऊन ते परत घेता आलं असतं. समोरच्या सीटवर कोच वाइडनर डोळे मिटून बसल्या होत्या. चेहऱ्यावर हसू होतं. ते हसू बघून रेनाटाचा राग पुन्हा उसळला. राहू दे, ती मनात म्हणाली. थोडी भोगू दे बाईला.

शुक्रवारी दुपारी वॉसनी तिला बोलावलं.

"तुझ्या पत्राची दखल घेतली," ते म्हणाले. "कोच वाइडनरना आज सकाळीच कामावरून काढलं."

रेनाटाला हसू आवरेना. "म्हणजे मी आता वर?"

"वर बारा जागा. त्या भरल्यात." वॉसनी चष्मा काढला. "आणि आपल्या शाळेत बारावीच्या मुलीला खालच्या संघात खेळता येत नाही. वर जागा नसेल, तर तिला पहिल्याच दिवशी घरी पाठवायचं, असा नियम आहे. सोमवारपासून तू सरावाला येऊ नकोस."

"पण मी तर खेळत होते! इतके दिवस कुणी काहीच बोललं नाही."

वॉसनी संघाचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"तुझ्या नावापुढे कोचनी स्वतःच्या हातानं 'अकरावी' लिहिलंय. तुझं पत्र आलं नसतं, तर मी कधी तपासलंही नसतं."