एकेरी हाक

खिंड ओलांडली आणि तळं एकदम पायाशी आलं. सुतार थांबला नाही. बायकोकडे वळूनही न बघता तो दगडांवरून काठापर्यंत उतरला, पाठीवरची पिशवी खाली टाकली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

ती धापा टाकत पोचली तोवर त्याचा शर्टही निघाला होता. छातीवरचा व्रण उन्हात लकाकत होता, गळ्याखालून थेट बरगड्या संपतात तिथपर्यंत. ती कपडे शिवणारी बाई. अकरा महिन्यांपूर्वी दवाखान्यात पहिल्यांदा पट्टी सुटली तेव्हा, टाके सरळ रेषेत नाहीत, एवढंच तिच्या मनात आलं होतं, आणि मग तिला रडू आवरेना.

"काय करताय?"

"पोहणार आहे."

हे बर्फाचं पाणी आहे, ती म्हणाली. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. त्यावर त्याने उत्तर तयारच ठेवलं होतं. डॉक्टरांनी चालायलाही सांगितलंय, पण सकाळपासून दर वळणावर ती त्याला 'बसा जरा' म्हणत होती. जुनी मालवाहू गाडी घेऊन, फळी न् फळी स्वतः तासून त्याने आत राहता-झोपता येईल असा हा कॅम्पर बनवला, चार दिवस चार रात्री स्वतः चालवत इथवर आणला, तरी तिचा धाक काही सुटत नव्हता.

"झोपेतसुद्धा माझ्या नाकापुढे बोट धरून बघतेस. मला काय कळत नाही?"

तिला वाटत होतं, कळत नाही.

"अहो, ऐका माझं. पाय बुडवा हवं तर."

"आता जन्मभर पायच बुडवू का?" तो म्हणाला आणि पाण्यात शिरला.

तो हात मारत निघाला. पोहणं मुळात चांगलं होतं त्याचं. ती काठावर उभी राहून खिशातली गोळ्यांची डबी मुठीत आवळत राहिली. तळ्याच्या मध्यावर पोचल्यावर त्याचे हात थांबले. तो उताणा झाला. हात पसरलेले, तोंड आभाळाकडे. मग हालचाल नाही.

"अहो," तिने हाक मारली. समोरच्या कड्याने ती परत पाठवली. तो हलला नाही.

तिने आणखी दोनदा हाक मारली. सकाळपासून वाटेत माणूस भेटलं नव्हतं. कॅम्पर दोन तास खाली, आणि तिने कधी स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. हे सगळं मनात आलं तेव्हा ती बुटांसकट गुडघाभर पाण्यात होती. कधी शिरली, ते तिलाही सांगता आलं नसतं. पाणी कमरेशी आलं तशी थंडीने तिला मधोमध चिरल्यासारखं झालं. छातीशी आलं तेव्हा श्वास आत अडकला. पन्नाशी उलटलेल्या त्या बाईने घोट्याच्या वर पाणी कधी अनुभवलं नव्हतं. तिला पोहता येत नव्हतं. पाणी हनुवटीला लागलं आणि ती गळा फाडून ओरडली, "अरे ए! मेलास का रे? बोल ना!"

मध्यावरचं डोकं वर झालं. त्याचे कान पाण्यात होते, पहिल्या हाका त्याच्यापर्यंत गेल्याच नव्हत्या. तो वळलेला तिने पाहिला, आणि तेवढ्यात पायाखालचा दगड सरकला.

डोक्यावर हिरवं पाणी. मग मानेवर मूठ बसली, कॉलर गळ्याशी आवळली गेली आणि एखादी फळी ओढून आणावी तसं त्याने तिला काठावर आणून टाकलं.

दोघंही दगडांवर हातापायांवर ओणवी झाली होती. तिला उलटी झाली. तो तिच्या पाठीवर थापटत होता आणि त्याच दमात तिच्यावर ओरडत होता. अक्कल आहे का, पोहता येत नाही तर कशाला आलीस, मला काही झालं नव्हतं, नुसता पडून होतो, आभाळ बघत होतो. बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला.

तिने तळहात सरळ त्याच्या व्रणावर ठेवला. आत ठोके धडधडत होते, पण एकसारखे. त्याने हात झटकला नाही.

मग तिने डबी काढली. झाकण उघडलं तर गोळ्यांचा पांढरा लगदा झाला होता. दुसरं पाकीट कॅम्परमध्ये होतं. दोघांनी खिंडीकडे पाहिलं. चढण होती, आणि ऊन चाललं होतं.

"थोडं बसू," तोच म्हणाला. "मग सावकाश जाऊ."

दोघं खांद्याला खांदा लावून बसली. तिचे दात वाजत होते. त्याचे ओठ निळे पडले होते आणि नजर पाण्यावर होती.

"मघाशी मला अरे म्हणालीस तू," तो म्हणाला. "अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा."

तिने कोरडा शर्ट उचलला, झटकला आणि त्याच्यापुढे धरला.

"घाल," ती म्हणाली.