तिसरी डिस्क

भागवतने ‘बबिता’ हे नाव तिसऱ्यांदा टाइप केले. काही सापडले नाही, असे कॉम्प्युटरने तिसऱ्यांदा सांगितले.

केवळाबाई स्टुडिओच्या दाराशी खालीच बसली होती. दिवाळीनंतर गावातच तिच्या लेकीचे, बबिताचे, लग्न झाले, त्याचे शूटिंग भागवतने केले होते. लग्नाच्या पाचव्या दिवशी केवळाबाई आणि तिचा नवरा मेंढरे घेऊन बाहेर पडले. फाल्गुनात तिचा नवरा वाटेतच वारला. आता आषाढात कळप राणीसावरगावला परतला, तशी ती शूटिंग न्यायला आली होती.

“बबिताचा बाप दिसला म्हंजे झालं,” ती म्हणाली. “आधार कार्डावर हायेत ते, पर त्यात भ्याल्यावानी दिसत्यात. लग्नात हसले होते. तुमीच म्हणलं, ‘मामा, जरा हसा.’”

भागवत हे सगळ्यांनाच म्हणायचा.

कॉम्प्युटर दुरुस्त करायला शंभुराज गंगाखेडहून आला होता. तो पाऊण तास पडद्यासमोर मान घालून बसला.

“तुमच्या ह्या पेटीपरीस माझी सासू बरी,” केवळाबाई म्हणाली. “तिला दिसत न्हाई, पर कुठं काय ठेवलंय ते बरोबर सांगती.”

शंभुराज हसला. मग त्याने खुर्ची मागे सारली. “दुखणं सापडलं, भैय्या. हा नुसता आतल्या डिस्कमधी शोधायलाय. बाहेरून वायरनं जोडलेल्या चार डिस्का ह्याच्या यादीतच न्हाईत.”

“मग आजवर न्हाई म्हणला, ते?”

“न बघताच म्हणला.”

त्याने चारही डिस्का यादीत घातल्या. थोड्या वेळाने एक नाव टाकून पाहिले. पडदा फोटोंनी भरून गेला. दुसरे टाकले, तेही आले. मग बबिताचे टाकले. पडदा कोराच राहिला.

“आता खरं सांगायलाय,” शंभुराज म्हणाला.

भागवतला चैत्रातले आठवले. चैत्रात लग्नसराई तोंडावर आली आणि एक डिस्क रिकामी हवी होती. ज्यांचे द्यायचे राहिले होते, त्यांची नावे त्याने एकेक करून कॉम्प्युटरला विचारली. बबिताचे नाही म्हणाला. आपण नसताना बायकोने देऊन टाकले असेल, असे त्याने धरले आणि तिसरी डिस्क पुसली.

“शंभू, पुसलेलं परत निघतं का?” त्याने हळूच विचारले.

“वर काय चढवलं?”

“शिवमूर्तीअप्पाच्या पोराचं लग्न. काठोकाठ भरली डिस्क.”

“मग न्हाई निघत.” शंभुराजने पेचकस पिशवीत टाकला. जाताना त्याने केवळाबाईकडे पाहिले नाही.

भागवत उठून तिच्यासमोर खाली बसला. “मावशी, तुमचं शूटिंग न्हाई राहिलं. माझ्या हातानं पुसलं मी.”

केवळाबाई त्याच्या हाताकडे बघत राहिली.

“मेंढरू दिसलं न्हाई तर आमी ‘गेलं’ म्हणत न्हाई,” ती म्हणाली. “आधी दुसऱ्याच्या कळपात बघतो. ते जेवायला जायचे की लोकांच्या लग्नाला. तिथं बघा.”

भागवतने पहिली डिस्क उघडली. गावातल्या प्रत्येक लग्नाचे शूटिंग लावले. मग दुसरी, मग चौथी. नवरा-नवरी, आहेर, पुढाऱ्यांचे सत्कार. पंगत कुठेच नव्हती. पंगत कोण बघतंय, म्हणून तो दर वेळी कापून टाकायचा. मंडपाच्या कडेला उभे राहणारे लोक तर कॅमेऱ्यात येतच नसत.

“एक राहिली,” केवळाबाई म्हणाली. आतापर्यंत किती डिस्का झाल्या, हे तिने बोटावर धरले होते.

तिसरीत एकच लग्न होते. ते कापायचे काम अजून व्हायचे होते, म्हणून त्यात पंगत होती. मांडी घातलेल्या माणसांच्या लांबच लांब रांगा, टोप्या, फेटे, पत्रावळीवर वाकलेली तोंडे. केवळाबाई उठली आणि पडद्याला नाक लागेल इतकी जवळ जाऊन उभी राहिली.

लग्न वैशाखातले होते, फाल्गुनाच्या नंतरचे. भागवतने ते सांगितले नाही.

“जरा सावकाश चालवा,” ती म्हणाली. “खाली मान घालून जेवायची सवय हाय त्यायला.”