अनोळखी श्वास

काल सलग तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या प्राणवायूच्या यंत्राने तेच कळवलं : दुपारी दोन वाजता, नळीत अनोळखी श्वास. आज पुन्हा तसं झालं आणि ओळख पटली नाही, तर यंत्र बंद होणार होतं. एकाच्या नावचा प्राणवायू दुसऱ्याला चालत नसे.

हेमांगीचा संशय शेजारच्या यमूआत्यांवर होता. त्यांनीही सासूबाईंसारखीच चाळीस वर्षं चूल फुंकली होती आणि त्यांनाही धाप लागायची.

"आई, नळी कुणाला देता का?"

"माझी उष्टी नळी कोण घेतंय गं?" सासूबाई धापा टाकत हसल्या.

दोन वाजता हेमांगी दाराआड थांबली. छोटी रेवू तीन दिवसांपूर्वी खरचटलेला गुडघा घेऊन आजीपुढे बसली. नळी आजीच्याच नाकात होती. ओठांचा चंबू करून आजीने गुडघ्यावर लांब, सावकाश फुंकर घातली. धाप कुठेच नव्हती.

यंत्राचा दिवा पिवळा झाला. "अनोळखी श्वास. ओळख पटवण्यासाठी असेच दहा श्वास द्या."

सासूबाईंचा धापेविना श्वास त्याने कधी ऐकलाच नव्हता.

रेवू तोवर खेळायला पळाली होती. हेमांगीने तव्याला भाजलेलं बोट पुढे केलं.

"आई, मलाही घाला फुंकर."