माझ्या बाजूचा तडा

गाडीच्या माझ्या बाजूच्या दाराचं प्लास्टिक आतल्या हँडलपाशी पुन्हा तडकलं, तेव्हा ह्यांनी सगळं खापर उन्हावर फोडलं. मग काय, गाडी सावलीतच लावायची, काचांना पडदे, दर रविवारी प्लास्टिकला क्रीम चोळायचं. एवढी मालिश माझ्या गुडघ्यांना झाली असती, तर मी जिने पळत चढले असते. रोज टॉर्च घेऊन बारीक रेघा शोधायचे आणि मलाच विचारायचे, "माझ्या बाजूला एक ओरखडा नाही, तुझ्याच बाजूला तडा कसा गं जातो?"

सांगून सांगून तोंड कधीच दुखून गेलं होतं.

शेवटी नवीन पॅनेल बसवलं. त्याच आठवड्यात ह्यांची पाठ धरली, म्हणून चालवायला चिरंजीव बसले. त्याला गाडी ह्यांनीच शिकवलेली. हे पहिल्यांदाच माझ्या जागेवर, मी मागे. पहिल्याच वळणावर ह्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी दाराचं हँडल गच्च आवळलं. "अरे, हळू! हळू घे!"

 

मी मागून म्हटलं, "अहो, जरा जपून धरा. नवीन पॅनेल आहे."