दुर्पताबाईचं पान

सर्वपित्री अमावास्येला बाभुळगावच्या देशमुख जहागीरदारांच्या गच्चीवर पितरांची सहा पानं वाढायची रीत. यंदा सात दिसली. "दुर्पताबाईचंबी वाढलं, मालक," स्वयंपाकीण भागीरथा म्हणाली. देशमुख हसले. ते घराण्यावर ऐतिहासिक कादंबऱ्या लिहीत. जिल्ह्यात वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून रोज तिलाच वाचून दाखवत. "अवं, ते बाई म्या मनानं रचली. अब्रूसाठी विहिरीत उडी घेणारी आमच्यात कोणी झालीच नाही!" दुपार कलली, तरी कावळे शिवेनात. सोलरच्या काचांवर रांगेनं बसून सातव्या पानाकडे पाहत राहिले. "तिची काही इच्छा राह्यली असंल," भागीरथा कुजबुजली. भुकेनं वैतागून देशमुखांनी हात जोडले: "दुर्पताबाई, पुस्तकात बदलतो. तुम्ही उडी नाही घेतली, आम्ही ढकललं." पहिला कावळा सातव्या पानावर उतरला. देशमुखांनी जोडलेले हात सोडले. तळवे ओले होते. तळव्यांना विहिरीतल्या शेवाळाचा वास येत होता.